पागाची वाढ कुठे घ्यायची

मुग्धा, हे मी तुझ्याच कागदांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहितेय. तू तपासायला म्हणून छापून आणायचीस तो गठ्ठा अजून टीव्हीखाली पडलेला. एका बाजूला तुझं इंग्रजी, दुसऱ्या बाजूला माझं वेडंवाकडं. चौथी शिकलेली बाई मी, ती पण मोहने गावच्या शाळेत धाकट्या भावाला मांडीवर घेऊन. तूच म्हणायचीस, आई, बोलता तसं लिहा, कोण मार्क देतंय. म्हणून लिहिते.

सोळा दिवस झाले तुला जाऊन. दिवस घातले, माणसं आली गेली. येणारा प्रत्येक जण तुझं चांगलं बोलतो आणि चहा पिऊन उठतो. मी ऐकून घेते. रडायला मला लवकर येत नाही, ते तुला माहीत आहे. नरेशचा बाप गेला तेव्हा नरेश सहा वर्षांचा. पुढच्या आठवड्यात मी पाटी उचलून स्टेशनाजवळच्या बाजारात जाऊन बसलेली. बायका म्हणाल्या, हिला काळीज नाही. काळीज होतं, घरात तांदूळ नव्हता.

पण तुझ्याशी एक बोलायचंय, ते चार माणसांत बोलता येत नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी विसरले नव्हते. सात वर्षं माझ्या तोंडात होती, मी सांगितली नाही.

तू आलीस तेव्हा मला वाटलेलं, ही पोरगी माशाच्या वासाने आठ दिवसांत पळेल. तुम्ही रुळांच्या त्या बाजूचे, पूर्वेचे. नोकरीवाली माणसं, दारात चपला पण ओळीत. आम्ही खाडीकडचे. नरेशला मी विचारलं, बाबा, हिला आपल्यात करमेल काय. तो म्हणाला, तिलाच विचार. मी काय विचारणार. दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्यासमोर मोरीजवळ बसलीस आणि म्हणालीस, निवट्या साफ कशा करतात ते सांगा, मी लिहून घेते.

मी सांगत गेले, तू लिहीत गेलीस. सात पायऱ्या. रविवारी मी बाजारातनं आले तर तू ओट्यावर उभी, सुरी हातात, आणि निवट्या घरभर. एक कपाटाखाली, एक नरेशच्या बुटात. मी म्हटलं, काय गो हे. तू म्हणालीस, आई, त्या जिवंत असतात हे तुम्ही सांगितलंच नाही. चिखलात उड्या मारणारा मासा तो, निवटी जिवंत असते हे काय सांगायची गोष्ट आहे? खाडीतलं शेंबडं पोर सांगेल. तू वही उघडलीस आणि सगळ्यात वर, एकच्या पण वर लिहिलंस, 'निवटी मेली आहे याची आधी खात्री करा.' फ्रिजवर चिकटवलंस. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि पोट धरून हसायच्या. तू पण हसायचीस. मग मला एकटीला म्हणालीस, आई, जे सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं ना, तेच लिहायचं राहतं. माझी अख्खी नोकरी त्याच्यावर चाललीय.

तुझी नोकरी मला कळायला वर्ष गेलं. ठाण्याच्या ऑफिसात आठवड्यातनं दोनदा जायचं, बाकी घरी कम्प्युटर. बायका विचारायच्या, सून काय करते? मी सांगायचे, लिहिते. काय लिहिते? ते मला येत नव्हतं. मग एकदा तू मला तुझ्या खुर्चीत बसवलंस आणि पंपाचं चित्र दाखवलंस. पंपावर सगळीकडनं जाळं टाकलेलं, बारीक बारीक तिकोनी घरं, आमच्यात त्यांना आस म्हणतात. मी म्हटलं, हे तर जाळंच आहे. तू म्हणालीस, हो, जाळंच. हा पंप अजून बनला नाही. बनवायच्या आधी कम्प्युटरमधे त्याच्यावर जाळं टाकायचं, मग एकेका आसावर किती जोर येतो ते कम्प्युटर बघतो. कुठे फुटेल ते आधीच कळतं. हे जाळं टाकायला इंजिनीअर लोक कम्प्युटरला हुकूम लिहून देतात, एकाखाली एक. त्याला कमांड म्हणतात. आणि कुठली कमांड काय करते, कुठली आधी, कुठली नंतर, चुकलं तर काय दिसतं, हे मी लिहिते. एका कमांडला एक पान.

मी म्हटलं, आणि मासा कुठला?

तू म्हणालीस, जिथे पंप फुटणार ती जागा. ती सापडली की मासा गावला.

तेवढं मला पटलं. मग तू मला कामाला लावलंस. आधी मराठीत माझ्यासाठी लिहायचीस, मग इंग्रजीत ऑफिससाठी. दुपारची जेवणं झाली की मी भिंतीला टेकून सुपारी कातरत बसायचे आणि तू पान वाचायचीस. जिथे अडेल तिथे थांबवा म्हणायचीस. मला त्यातलं काय कळणार, पण आधी-नंतर कळतं. जाळं विणणाऱ्या बाईला आधी-नंतर कळतं. एकदा तू वाचलंस, आता 'बाहेरची कड' घ्या आणि तिच्यावर आसाचं माप लावा. मी म्हटलं, थांब. ही बाहेरची कड कुठनं आली? तिला नाव कधी दिलंस? तू मागची पानं चाळलीस. नाव दिलंच नव्हतं. ती कमांड तशीच चार वर्षं छापलेली, इंजिनीअर लोक वाचत होते आणि आपल्या आपण समजून घेत होते. नवीन माणूस मात्र तिथेच अडकायचा आणि स्वतःला मठ्ठ समजायचा. तू ऑफिसात सांगितलंस, आमच्या घरी तपासनीस बसवलाय, सुपारीवर काम करतो. त्या दिवशी येताना तू माझ्यासाठी नवा अडकित्ता आणलास. हे तुझं देणं माझ्याकडे आहे, मुग्धा. म्हातारपणी मला कोणी विचारलं नव्हतं, हे बरोबर आहे का बघा म्हणून.

मग ते वाढीचं पान आलं.

तू म्हणालीस, आई, ही कमांड मला नीट सांगताच येत नाही. पंपाच्या कोपऱ्याला आस बारीक लागतात, लांब गेलं की मोठे चालतात. पण बारकाला लागून एकदम मोठा आला तर सगळं बिघडतं. हळूहळू वाढवत न्यायचं. ते किती हळू, ते ह्या कमांडने ठरतं. इंजिनीअरला आकडा सांगितला की पुरतं, पण नवीन पोरांना डोळ्यासमोर काही दिसत नाही.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, अगो, हे तर पागाचं झालं.

मी बोलले आणि जीभ चावली. तुझे डोळे असे झाले की मला मागे फिरता येईना. पाग म्हणजे काय ते तुला माहीत होतं, नरेश खाडीवर हाताने फेकतो ते गोल जाळं. पाग वर मुठीएवढा असतो आणि खाली अंगणाएवढा उघडतो. वरच्या चोवीस आसांचे खाली पाचशे होतात, ते कसे होतात तर वाढ घेऊन. एका आसात जास्तीची गाठ मारून एकाचे दोन काढायचे. तू म्हणालीस, मला शिकवा. मला विणायचाय. विणला की मला ते पान लिहिता येईल.

इथे मला थांबून सांगायला पाहिजे, कारण हे तुला कोणीच सांगितलं नाही. पाग विणायला सगळ्यांनाच येतो. पण वाढ कुठे घ्यायची ती प्रत्येक घराची वेगळी. आमच्या घरची लेकीला सांगत नाहीत, लेक दुसऱ्या घरी जाते. सुनेला सांगतात, आणि सुनेला पण पहिलं मूल झाल्यावर. बाळ चाळीस दिवसांचं झालं की सासू सुनेला समोर बसवते आणि हात धरून दाखवते. मग ती ह्या घरची झाली.

मला नऊ वर्षं थांबावं लागलं. नरेशच्या आधीची दोन राहिली नाहीत. नऊ वर्षं मी सासूच्या शेजारी बसून पाग विणायचे आणि वाढीची फेरी आली की ती माझ्या हातातनं जाळं काढून घ्यायची, पाठ करून बसायची, आणि फेरी झाली की परत द्यायची. त्या पाठीकडे बघून मला काय वाटायचं ते मी कोणाला सांगितलं नाही. नरेश चाळीस दिवसांचा झाला तेव्हा तिने दाखवलं आणि मी मनात म्हटलं, मी माझ्या सुनेला असं करणार नाही.

आणि केलं. सासूने निदान पाठ फिरवली होती, मला कळत होतं की काहीतरी लपवतेय. मी तर समोर बसून, हसून, सगळं शिकवल्यासारखं केलं. दोरा कसा भरायचा, बांबूची पट्टी कशी धरायची, गाठ कशी ओढायची. वाढ कितव्या फेरीला ते पण सांगितलं. कुठे, ते नाही सांगितलं.

का नाही सांगितलं, ते मी मलाच विचारते. रीत होती, हे खरं. पण रीतीच्या आड दुसरं पण होतं. मला वाटायचं, ही सगळं लिहिते. हिने एकदा कागदावर उतरवलं की ते कम्प्युटरमधे जाणार, जगात जाणार, मग आमच्या घरात काय राहणार? मासा खाडीत राहिला नाही, पाग कल्याणच्या बाजारात तयार मिळतो, बायका आता विणत नाहीत. माझ्याकडे एवढंच एक होतं जे विकत मिळत नाही. आणि आणखी एक, ते पण लिहून टाकते. तुला मूल होत नव्हतं. मी कधी बोलले नाही तुला, शेजारणीने टोमणा मारला तर तिला मीच गप्प केलं. पण वाढ सांगायची वेळ आली की मी म्हणायचे, रीत आहे, मूल झाल्यावर. तोंडाने नाही बोलले, हाताने बोलले.

तू पहिला पाग विणलास त्याला चार महिने लागले. ऑफिसचं काम झालं की दाराला दोरी बांधून बसायचीस. बोटं कापली, पट्ट्या लावल्यास. नरेशने मैदानात नेऊन फेकला. तो गोल उघडलाच नाही. सहा ठिकाणी घड्या, छत्री अर्धी मिटल्यासारखा पडला. नरेश म्हणाला, होतं असं पहिल्यांदा. घरी आणलास, वही काढलीस आणि वाढीपर्यंत उसवलास. तीनदा, मुग्धा. तीनदा विणलास, तीनदा त्याच सहा घड्या. नरेशला त्यातलं काय कळणार, तो फेकणारा. मी ओट्याशी उभी राहून बघत होते.

तिसऱ्या वेळी तू वही घेऊन माझ्याकडे आलीस. तुझा आवाज पण वर चढला नव्हता. म्हणालीस, आई, मी सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलंय. माझ्या लिहिण्यात काहीतरी सुटलंय. तुमच्याकडनं काही सांगायचं राहिलंय का?

मी म्हटलं, हाताला सवय नाही तुझ्या.

तू मान हलवलीस आणि वही मिटलीस. तुला पटलं, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तुला कळलेलं. ज्या बाईची नोकरीच सुटलेलं शोधायची आहे, तिला कळणार नाही होय? पण तू परत विचारलं नाहीस. भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. आपण इतक्या गोष्टींवर भांडलो. लिहून ठेवावं की नाही यावर तर कितीदा. मी म्हणायचे, हाताची गोष्ट हातात राहू दे. तू म्हणायचीस, हात गेला की मग? मी म्हणायचे, दुसरा हात असतो. तू म्हणायचीस, आणि दुसरा नसला तर? त्याच्यावर मी उठून भांडी घासायला घ्यायचे.

मग कावीळ निघाली. अकरा दिवस दवाखान्यात. मी जेवण घेऊन यायचे ते तू खायची नाहीस, नरेश खायचा. डोळे पिवळे झालेले, तरी ऑफिसच्या पानांबद्दल बोलायचीस. नवव्या दिवशी नरेश औषध आणायला खाली गेलेला. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, आई, पागात मी कुठे चुकत होते ते सांगा ना आता.

मला वाटलं सांगावं. देवाशपथ वाटलं. तोंड उघडलं. आणि मनात आलं, हिला आत्ता सांगितलं तर ही निघाली असं होईल. जाणाऱ्या माणसाला सगळं देऊन मोकळं करतात. मला तुला मोकळं करायचं नव्हतं. म्हटलं काहीतरी अडकवून ठेवू. हिला राहवत नाही, अर्धवट सोडून ही जायची नाही. म्हणून मी म्हटलं, बरी हो, घरी ये, मग हात धरून दाखवते.

तू म्हणालीस, नक्की?

मी म्हटलं, नक्की.

तिसऱ्या दिवशी तू गेलीस. सात वर्षं मी वाईट मनाने सांगितलं नाही, आणि एकदाच चांगल्या मनाने सांगितलं नाही. तुझ्या हाती दोन्ही वेळा सारखंच आलं.

चार दिवसांमागे तुझ्या ऑफिसातल्या श्रुती मॅडम आलेल्या, तुझा कम्प्युटर न्यायला. चहा घेतला, मग म्हणाल्या, काकू, तुम्हाला एक सांगू? मुग्धाच्या जागी नवीन मुलगी घेतली. आम्हाला वाटलं, तिला महिना लागेल. तिने मुग्धाची फाईल उघडली, वाचली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढची कमांड लिहायला लागली. कोणाला फोन करावा लागला नाही. मुग्धाने सगळं लिहून ठेवलेलं, चहाची सुट्टी किती वाजता असते ते पण.

आपल्या भांडणाचं उत्तर मॅडमनी दिलं, त्यांना माहीत पण नव्हतं. हात गेला आणि काम थांबलं नाही. माझा गेला तर थांबेल. सून नाही, नात नाही, आणि नरेशला वाढीचं कधी सांगितलंच नाही, ती बायकांची गोष्ट.

मग मॅडमनी एक कागद काढला. म्हणाल्या, मुग्धाने हातात घेतलेल्या सगळ्या कमांडची पानं झालेली, एकच अर्धं आहे. वाढीचं. त्यात उदाहरणाच्या जागी मुग्धाने लिहिलंय, 'इथे पागाचं उदाहरण घालायचं. एक पायरी आईंकडून यायची आहे.' आम्ही दुसरं काही घालू शकतो काकू, तुम्हाला त्रास नको. पण तिने तशी जागा सोडलीय म्हणून विचारते.

बघ, तू चुकलीस असं लिहिलं नाहीस. आई लपवते असं पण लिहिलं नाहीस. यायची आहे, एवढंच.

मी म्हटलं, चार दिवस द्या. मॅडम म्हणाल्या, घ्या ना. चार दिवस मी सासूशी भांडले, मेलेल्या बाईशी. ती म्हणत होती, परक्यांना देतेस? ठाण्याच्या ऑफिसातल्यांना? मी म्हटलं, माझ्या सुनेने मागितलंय. ती म्हणाली, मूल झालं होतं का तिला? मी म्हटलं, आये, गप बस. ती ह्या घरची होती. मला सांगायला उशीर झाला, तिला यायला झाला नव्हता.

उद्या मी मॅडमना फोन करणार आहे आणि त्या लिहून घेणार आहेत. तुझं नाव पानावर घालायला सांगणार, घालतात की नाही बघू. पण आधी तुला सांगायचं, मग त्यांना. तुझा हात नाही धरायला, म्हणून लिहून देते. तुझ्यासारखं नीट जमणार नाही, कुठे अडलं तर थांबव.

वरनं चोवीस आस, ते तुला येतं. दर तिसऱ्या फेरीला सहा वाढी, ते पण मी सांगितलेलं. आता ऐक. पुढची वाढ आधीच्या वाढीच्या खाली घ्यायची नाही. प्रत्येक वेळी दोन आस उजवीकडे सरकायचं आणि तिथे घ्यायची. तू एकाखाली एक घेत होतीस, कोणीही तशीच घेईल. मग सगळी वाढ त्या सहा रेघांतच साचते आणि तिथे घडी पडते. सरकवत गेलं की वाढ सगळ्या अंगाला सारखी मिळते आणि पाग गोल उघडतो.

एवढंच होतं गो.